किंचाळणारा ब्रेक, खरखरणारा ब्रेक

पाऊस सुरू झाला की सायकलच्या ब्रेकच्या तक्रारी वाढतात. या वेळचे सगळे प्रश्न रिमला रबर लावून थांबणाऱ्या ब्रेकचे आहेत. डिस्कवाल्यांनी थोडा धीर धरावा.

माझ्या सायकलला व्ही-ब्रेक (दोन उभ्या दांड्यांनी रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) आहेत. महिन्यापूर्वी पुढचे रबर बदलले आणि तेव्हापासून ब्रेक दाबला की अख्खी सोसायटी गॅलरीत येते. दुकानदार म्हणतात, नवीन आहेत, घासले की आवाज जाईल. कधी जाईल? (कोथरूड, पुणे)

घासून जाणारा असता तर एव्हाना गेला असता. तुमचे रबर बहुधा रिमला अगदी सपाट बसवले आहेत. दिसायला ते नीटनेटकं दिसतं, पण आवाजाचं मूळ तिथेच असतं. चाक रबराला पुढे ओढतं, ब्रेकचा दांडा किंचित वाकतो, रबर सुटतं, दांडा मागे येतो, रबर पुन्हा धरतं. हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं आणि आपल्याला शिट्टी ऐकू येते. सारंगीच्या तारेवर गज ओढावा तसाच प्रकार, फक्त सूर बेसूर.

उपाय फुकटात होतो. रबराचं पुढचं टोक, म्हणजे सायकल ज्या दिशेला जाते त्या बाजूचं, रिमला आधी टेकलं पाहिजे आणि मागचं टोक साधारण १ मिलिमीटर लांब राहिलं पाहिजे. रबराच्या मागच्या टोकाशी, रबर आणि रिम यांच्या मध्ये, जाड पुठ्ठ्याची बारीक पट्टी धरा. ५ मिलिमीटरच्या एलन कीने (सहा कोनी पान्याने) नट ढिला करा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, रबर आपोआप तिरकं बसेल. तसंच धरून नट आवळा. आवळताना रबर पान्याबरोबर फिरू पाहतं, म्हणून दुसऱ्या हाताने ते घट्ट धरायचं. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात आणि मग पुठ्ठ्याला दोष देतात.

ब्रेकच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना वाटीसारखे वायसर असतात, एक जाड, एक पातळ. ते क्रमाने बसलेत ना, तेही पाहा. वाटी उलटी बसली तर रबर तिरकं होतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रबर टायरला शिवता कामा नये. आवाजापायी टायर कापून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

एवढं करूनही थोडी शिट्टी राहिली, तर ब्रेकचा दांडा हाताने हलवून बघा. तो ज्या खुंटीवर फिरतो तिथे खुळखुळत असेल तर रबर कितीही तिरकं करा, आवाज परत येणार.

मुलीच्या सायकलचा ब्रेक कुरकुरत होता म्हणून मी चेनवर मारायचा स्प्रे रिमवर मारला. दोन दिवस शांत होता. आता आवाजही येतो आणि ब्रेकही लागत नाही. (नाशिक)

ताई, आधी ती सायकल घरात ठेवा. ब्रेक धरतो तो घासण्यामुळे. तेल त्याच घासण्याला मारतं.

रबर काढा. रिम भांड्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवा, कोरडी करा. मग मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत फडकी बदलत राहा. रॉकेल वापरू नका, मागे चिकट पापुद्रा राहतो. हातावर चोळायचं सॅनिटायझरही नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. रबराचा वरचा थर पॉलिश पेपरवर घासून काढा. तरीही तेलकट वाटलं तर रबर फेकून नवे घ्या. लेकराच्या सायकलवर तेवढा खर्च करावाच.

आमच्याकडे पावसात ब्रेक लावला की किंचाळत नाही, पण दगडावर दगड घासावा तशी खरखर येते. उन्हाळ्यात नसते. चालवत राहिलं तर चालेल का? (चिपळूण)

चालणार नाही. मला विचाराल तर किंचाळणारा ब्रेक एक वेळ परवडतो. तो लाज काढतो, पण सायकल थांबवतो. खरखरणारा ब्रेक मात्र रिम खातो.

तुमच्याकडची जांभ्याची माती पाण्याबरोबर रिमवर येते आणि रबरात रुतते. मग ते रबर राहत नाही, कानस होतं. ती कानस अ‍ॅल्युमिनियमच्या रिमचे बारीक कण खरवडते, ते कणही रबरातच बसतात आणि पुढचं खरवडणं आणखी जोरात होतं. काळं पाणी रिमवरून ओघळताना दिसत असेल, तर ती तुमची रिमच वाहून चालली आहे.

रबर काढून उजेडात तिरके धरा, चमकणारे ठिपके दिसतील. जुन्या सुईने किंवा कंपासच्या टोकाने एकेक उकरून काढा. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा. नंतर पॉलिश पेपरवर रबर घासून पृष्ठभाग सारखा करा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करायचं, आणि घरी आल्यावर रिमवर बादलीभर पाणी टाकायचं.

आता रिमची तपासणी. बऱ्याच रिमवर घासण्याच्या पट्ट्यात एक बारीक खाच किंवा ठिपक्याएवढा खड्डा असतो. तो दिसेनासा झाला म्हणजे रिमचं आयुष्य संपलं. खूण नसेल तर स्टीलची पट्टी रिमच्या बाजूवर उभी धरा. मधून उजेड दिसला, म्हणजे रिम आत वाटीसारखी झिजलेली असेल, तर सायकल चालवू नका. टायरमधली हवा त्या पातळ भिंतीला सतत बाहेर ढकलत असते आणि ती फुटते तेव्हा आधी सांगून फुटत नाही.

सिंहगडावरून उतरताना अर्ध्या वाटेवर ब्रेक ओरडायला लागतात. गावात एकदम गप्प. (धायरी, पुणे)

तुम्ही पूर्ण उतार ब्रेक दाबून उतरता. रबर तापतं, वर गुळगुळीत कातडी धरते आणि ओरडते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग मारा, मग सोडा, त्यांना वारा लागू द्या. घरी आल्यावर रबराची चकाकी पॉलिश पेपरने मोडा. चार-पाच वर्षांचे रबर असतील तर बदलाच, ऊन खाऊन ते दगड झालेले असतात. रबर बाहेरून शाबूत दिसतं म्हणून लोक फसतात. नखाने दाबून बघा.

आजोबांची काळी सायकल पुन्हा चालवायला काढली आहे. दांड्यांचे ब्रेक आहेत. दाबले की खडखड, कुईकुई सगळे आवाज येतात. वर सांगितलेलं तिरकं रबर इथे कसं करायचं? (सांगली)

इथे तिरकं करायची सोयच नाही. या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूला धरत नाहीत, ते आतून, तारांच्या बाजूने, वर ओढले जातात. त्यामुळे चाकाचा डावा-उजवा आऊट, म्हणजे फिरताना डोलणं, असला तरी फारसं बिघडत नाही. खाली-वर आऊट असेल तर मात्र ब्रेक धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. तो आधी काढून घ्या. हल्ली सगळ्यांना तो काढता येत नाही, जुना मिस्त्री शोधा.

खडखड येते ती दांड्यांच्या सांध्यांतून. प्रत्येक नट आवळा आणि सांध्यावर तेलाचा एकच थेंब, रिमपासून लांब. कुईकुई बहुधा रिमवरच्या गंजाची. अ‍ॅल्युमिनियम फॉईल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि क्रोमवर घासा, वरवरचा गंज निघतो. क्रोमचे पोपडेच निघाले असतील तर रिम बदलावी लागेल. रबर ज्या पत्र्याच्या घरात बसतं, त्याचं बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला हवं. उलटं बसवलं तर ब्रेक दाबताच रबर घरातून सटकून रस्त्यावर पडतं.

आणि पावसात या सायकलवर भरवसा ठेवू नका. ओल्या क्रोमवर रबर जवळजवळ धरतच नाही. थांबायच्या बरंच आधी हलकासा ब्रेक लावून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग दाबायचं. आजोबाही तसंच करत असणार.

पुढचा ब्रेक लावला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ होतं, आणि कधीकधी पुढचं चाक धरणारा अख्खा चिमटा थरथरतो. दोन्ही एकच आहे का? (नागपूर)

दोन वेगळे आजार. ‘टक’ रिमच्या जोडाचा आहे. रिम ही गोल वाकवून टोकं जोडलेली पट्टी असते. व्हॉल्व्हच्या बरोबर समोर बोट फिरवा, बारीक कड हाताला लागेल. तेवढीच कड बारीक पॉलिश पेपरने हलकेच मोडा. कानस लावू नका.

थरथर वेगळी, आणि ती जास्त गंभीर. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवा आणि दुसरा हात हँडलच्या खालच्या कपवर ठेवा. तिथे खुळखुळ जाणवली तर छर्रे ढिले झालेत. कप आवळून घ्या, पण इतका नाही की हँडल अडखळेल. पुढचं चाक उचलून हँडल सोडलं की ते आपल्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. तिथे काही सापडलं नाही, तर रबराचे नट तपासा आणि शेवटी चिमट्यालाच कुठे तडा गेलाय का, ते उजेडात नीट बघा. तडा दिसला तर दुकानापर्यंत सायकल हातात धरून न्या.