पाणी आडवं जाऊ द्या, लांबीला धावू देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महामार्ग सरळ केल्यावर मागे उरलेल्या जुन्या रस्त्याच्या तुकड्यावर पंचायतीला चालायची वाट आणि बाग करायची आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाजन, म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. जूनमध्ये तिथे पाणी तुंबतं. न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे फोटो पाहून कोणीतरी फटी सोडलेल्या फरशा आणि पाणी मुरवणारे वाफे सुचवलेत.

वाफे जरूर करा, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. हाय लाइन ही उंचावरची जुनी रेल्वे. तिच्या डोक्यावर पडेल तेवढंच पाणी तिला सांभाळायचं असतं. तुमच्या रस्त्यावर डोंगराचं पाणी येतं. शिवाय न्यूयॉर्कला वर्षभरात साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे गोव्यात ३००० च्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

साधा हिशेब करा. तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब वाटेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३०० घनमीटर पाणी झालं. बाजूने तळाशी ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, पसरट काठांचा गवती चर काढलात आणि जमिनीला शंभरात एक उतार असला, तर दर ३० मीटरला छोटा आडवा बांध घालूनही त्या चरात १८० घनमीटरच मावतं. डोंगराचं पाणी यात धरलेलंच नाही. आणि जुलैत खाजनालगत भूजल जवळजवळ जमिनीला टेकलेलं असतं, मुरणार कुठे? वर्षानुवर्षं ट्रकांनी दाबलेला भराव तर खणून सैल केल्याशिवाय थेंब पीत नाही.

म्हणून आधी मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी आरपार जायच्या वाटा, शोधा. रस्ता बांधणाऱ्यांनी प्रत्येक व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडावर मोरी ठेवलेली असते; रस्ता सुटला की ती उपसणारं कोणी राहत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन हिंडा, नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. मोरी बुजली की रस्त्याचा भराव म्हणजे धरणच. पणजी-रायबंदरचा सतराव्या शतकातला पोंत द लिन्हारिश बघा: सुमारे तीन किलोमीटरचा बांध, पण खाली कमानी, भरती-ओहोटीचं पाणी आरपार जातं.

सगळं पाणी एका टोकाला न्यायचं लांबलचक काँक्रीट गटार मात्र नको. (कंत्राटदाराला तेच आवडेल.) असं गटार चार-पाच व्हाळांचं पाणी एकाच जागी खाजनात ओततं. उधाणाच्या भरतीला मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागेपर्यंत आतलं पाणी पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यात, थांबतं. त्याच वेळी हा लोंढा आला तर शेत बुडेल नाहीतर बांध फुटेल. प्रत्येक व्हाळाचं पाणी त्याच्याच मोरीतून, पूर्वी जायचं तिथेच जाऊ द्या. वाटेला उतार खाजनाच्या बाजूने द्या, काठावर कठडा उचलू नका, पाणी पसरून उतरू दे. वाफे मोरीच्या डोंगराकडच्या तोंडाशी करा. तिथे गाळ बसेल आणि फावड्याने काढता येईल. ओल्या जागी वाळा लावा, हिरवळीची लादी ऑगस्टपर्यंत कुजते.

जुनी रेल्वे लाइन असती तर आधी माती तपासायला सांगितलं असतं. लाकडी स्लीपरांचं क्रिओसोट, तेल, तणनाशक त्या मातीत असू शकतं, आणि जवळ विहिरी असताना तिथे पाणी मुरवायला मी नाहीच म्हणेन. तुमच्या डांबरी रस्त्याला तेवढी काळजी नको, पण उखडलेलं डांबर खाजनात टाकू देऊ नका.

निविदेत मोऱ्या उपसण्याचं काम पेव्हरच्या कामातून वेगळं, स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. मे महिन्यातली दरवर्षीची सफाईसुद्धा. आणि शेवटचा हप्ता भरतीच्या वेळी मोठा पाऊस पडून गेल्यावर, स्वतः वाटेवरून फिरून आल्यावरच द्या.