फोनपे कंपनी कोणाची आहे? ती फुकट सेवा देऊन कमावते कशी, आणि गावातल्या किराणा दुकानात तिचा डब्बा घ्यावा का?

तुमच्या वडिलांचं यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसजवळच्या गावात किराणा दुकान आहे, कंपनीचा पोरगा क्यूआर आणि बोलणारा डब्बा (पैसे आले की मोठ्याने सांगणारा) घ्या म्हणून मागे लागलाय, आणि वडील विचारतात, "कंपनी कोनाची हाय? उद्या पळाली तं आपले पैसे कुठी?" मी याच जिल्ह्यात कृषी केंद्र चालवतो. बियाणं-खतांचे बरेचसे पैसे आता फोनवरच येतात, म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो.

वडिलांनी नेमकं बोट ठेवलं आहे, म्हणून त्यांचंच उत्तर आधी. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्याच्या बँकेच्या खात्यातून निघतात आणि तुमच्या बँकेच्या खात्यात पडतात. मधली वाट यूपीआयची. ती चालवते एनपीसीआय, जी रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेने मिळून 2008 मध्ये उभी केली. फोनपे फक्त "अमक्याला इतके द्या" हा निरोप नेतं. पिन टाकायचा पडदा उघडतो ना, तोसुद्धा फोनपेचा नसतो, एनपीसीआयचा असतो, आणि पिन तपासते गिऱ्हाइकाची बँक. वॉलेटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या पाकिटात, कोणी मुद्दाम पैसे भरून ठेवले तर ती गोष्ट वेगळी, पण गावात वॉलेट वापरतं कोण? दुकानाच्या बिझनेस क्यूआरवर मात्र दिवसभराची रक्कम गोळा होऊन मग खात्यात वळती होते, त्यामुळे डब्बा बोलला आणि पासबुकात त्या क्षणी एंट्री दिसली नाही तर वडिलांनी घाबरू नये.

आता कंपनी. समीर निगम, राहुल चारी आणि बर्झिन इंजिनिअर, तिघेही आधी फ्लिपकार्टमध्ये होते. डिसेंबर 2015 मध्ये त्यांनी बंगळुरूला फोनपे काढली आणि काही महिन्यांतच, एप्रिल 2016 मध्ये, फ्लिपकार्टनेच ती विकत घेतली. त्याच एप्रिलच्या 11 तारखेला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआयचं उद्घाटन केलं. ऑगस्टअखेर फोनपेचं ॲप आलं, आणि 8 नोव्हेंबरला नोटबंदी! ऐन कापूस घरात यायच्या वेळेला. आमच्याकडे तेव्हा चुकारे अडकले, वेचणीच्या मजुरीला सुटे नव्हते, बँकेसमोर रांगा. यूपीआय तेव्हा गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण शहरांत या ॲपना जी उकळी फुटली ती तिथून. लोक म्हणतात नोटबंदीनेच फोनपे मोठी केली. माझ्या मते स्वस्त नेट आणि स्वस्त स्मार्टफोन नसते तर नोटबंदीची सवय वर्षभरात विरून गेली असती.

कंपनीच्या इतिहासातल्या दोन घटना वडिलांना जरूर सांगा. पहिली जानेवारी 2017 ची. आयसीआयसीआय बँकेने सुरक्षेचं कारण देऊन फोनपेवरून होणारे आपल्या खातेदारांचे यूपीआय व्यवहार अडवले. ॲप धडधाकट, लोकांच्या खात्यात पैसे, तरी व्यवहार होईना. दुसरी मार्च 2020 ची. फोनपे तेव्हा येस बँकेच्या आधाराने चालत होती, आणि 5 मार्चच्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. फोनपे एका रात्रीत आडवी झाली. एक-दोन दिवसांत ती पुन्हा उभी राहिली, आणि आधार दिला कोणी, तर त्याच आयसीआयसीआय बँकेने! या भानगडीच्या खुणा तुमच्या फोनमध्ये आजही सापडतील. यूपीआय आयडीच्या शेपटीला वायबीएल असेल तर ते येस बँकेचं, आयबीएल म्हणजे आयसीआयसीआय, एएक्सएल म्हणजे ॲक्सिस. आता एकीवर भिस्त न ठेवता तीन बँका हाताशी ठेवल्या आहेत. तर कंपनी बंद पडली तरी तुमच्या खात्यातला पैसा हलत नाही. फार तर दुसरं ॲप टाकून, दुसरा क्यूआर चिकटवावा लागेल.

मालकीचं थोडक्यात: 2018 मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेतला, त्यात फोनपेही गेली. 2022 च्या डिसेंबरात ती फ्लिपकार्टपासून पूर्ण वेगळी झाली, पण सगळ्यात मोठा हिस्सा वॉलमार्टचाच. त्याआधी कंपनीने आपलं मूळ ठिकाण सिंगापूरहून भारतात हलवलं. त्यापायी गुंतवणूकदारांना सुमारे 8,000 कोटी रुपये कर भरावा लागला.

मग कमावते कशी? साध्या यूपीआय व्यवहारातून जवळपास नाहीच. 1 जानेवारी 2020 पासून सरकारने यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेणंच बंद केलं, आणि त्या बदल्यात बँका व ॲपवाल्यांना सरकार थोडंफार अनुदान देतं. खरी कमाई आजूबाजूला आहे. मोबाइल रिचार्जवर रुपया-दोन रुपये घेणं 2021 मध्ये सुरू झालं, विमा विकला की कमिशन, म्युच्युअल फंड, सोनं, दुकानदारांना कर्ज मिळवून देणं, जाहिराती, आणि तुमच्या दारात आलेला तो डब्बा, त्याचं दर महिन्याचं भाडं. देशातले जवळपास निम्मे यूपीआय व्यवहार एकट्या फोनपेवरून होतात. एनपीसीआयने कोणत्याही ॲपचा वाटा 30 टक्क्यांपर्यंतच असावा असा नियम 2020 मध्ये केला, पण त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत 2026 च्या शेवटापर्यंत नेली. एवढी गर्दी दारातून जाते म्हटल्यावर फुकटची वाट बांधणं परवडतंच.

"दोन हजारांवर आता चार्ज लागणार" असा निरोप दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो. 2023 मध्ये शुल्क आलं होतं, पण ते वॉलेटमधून दुकानदाराला दिलेल्या मोठ्या रकमांसाठी. बँक खात्यातून येणाऱ्या पैशाला ते लागत नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी दोन हजारांच्या वर दिले तर दुकानदाराला शुल्क बसू शकतं. तुमच्या गावात असं गिऱ्हाईक किती, ते तुम्हीच बघा.

डब्बा घ्यावा का? किराण्यात गर्दी असते, वडिलांना बारीक अक्षर दिसत नसेल, तर घ्या. हल्ली पैसे गेल्याचा खोटा पडदा दाखवणारी ॲप पोरांच्या फोनमध्ये असतात. हिरवी खूण दाखवून माणूस पिशवी उचलतो. डब्बा बोलला नाही तर सामान द्यायचं नाही, एवढा एकच नियम दुकानात ठेवला की काम भागतं. त्यात अमिताभ बच्चनचाही आवाज लावता येतो, त्याचं गिऱ्हाइकाला कौतुक फार. पण डब्ब्यात स्वतःचं सिम असतं. तुमच्या गावात कोणत्या कंपनीचा टॉवर पकडतो ते आधी बघा, आणि पावसाळ्यात लाइन गेली की टॉवरही जातो हे त्या पोराला तोंडावर सांगा. भाडं किती, कधीपासून, डब्बा परत करायचा तर कसा, हे तोंडी नको, त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. त्यातच तो कर्जाचं बोलला तर हात जोडा. उधारीची वही त्यापेक्षा बरी.

पैसे कटले पण मिळाले नाहीत, हा प्रसंग येणारच. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम असा: एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची, आणि त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला त्याच्या फोनमधला त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर घेऊन त्याच्याच बँकेत पाठवा. आमच्याकडे ऐन पेरणीत एका शेतकऱ्याचे पैसे असे लटकले तेव्हा बँकेचा बाबू आधी ॲपवर ढकलत होता, नंबर समोर ठेवल्यावर अर्ज घेतला. फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता 1930 वर फोन.

आणि खातं नीट निवडा. वडिलांचं पीककर्जाचं किंवा पीएम किसानचे पैसे येणारं खातं दुकानाच्या क्यूआरला जोडू नका. कुठल्या तरी ठगाने फसवणुकीचे पैसे वापरून तुमच्याकडून शंभराचं तेल नेलं, तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यावर रोक लावू शकते, आणि ती उठवायला महिने जातात. दुकानासाठी वेगळं खातं काढा. त्यात रोजच्या विक्रीचेच पैसे राहू द्या, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गरजेपुरते ठेवून बाकीचे दुसऱ्या खात्यात वळवत जा.