विष ‘चढतं’ की ‘भिनतं’?

‘विष चढणे’, ‘विष भिनणे’ आणि ‘विषबाधा होणे’ यांचा अर्थ एकच का, असा प्रश्न आला आहे.

बोलताना तिन्ही चालून जातात, पण अर्थ एक नाही. माझ्या मते सर्वांत नेमकं क्रियापद ‘भिनणे’. विष तोंडावाटे, श्वासावाटे, कातडीतून किंवा दंशातून आत शिरतं, रक्तात मिसळतं आणि पेशींपर्यंत पोचतं. शिसं तर कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. शिसं चढलं असं कोणी म्हणणार नाही, ते भिनतंच.

‘चढणे’ला मात्र दिशा आहे, पायाकडून डोक्याकडे. नागाचं विष असं पायरी-पायरीने वर जात नाही. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे ते जाऊन बसतं आणि हालचालीचा निरोप अडवतं. म्हणून दंश पायाला झालेला असला तरी बहुतेकदा आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळणं-बोलणं अवघड होतं आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. हा शब्दप्रयोग मला खटकतो तो एवढ्यासाठीच: ‘विष चढू नये’ म्हणून लोक दोरी करकचून आवळतात, रक्तपुरवठा तुटतो आणि पाय गमवायची पाळी येते. पाय न हलवता माणसाला ताबडतोब रुग्णालयात न्यायचं असतं. ‘उतरणे’ही याच कल्पनेतलं. प्रतिविषातली प्रतिद्रव्यं विषाला धरून निकामी करतात; ते खाली कुठे उतरत नाही.

‘चढणे’ शोभेल असं एक उदाहरण आहे. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसला हेमलॉक या विषारी वनस्पतीचं विष दिलं, तेव्हा बधिरपणा पावलांपासून वर वर सरकत गेला, असं वर्णन आहे. पण तिथेही चढला तो बधिरपणा. विष तोवर अंगभर भिनलेलं होतं.

‘विषबाधा’ म्हणजे त्याच्याही पुढची पायरी. पदार्थ शरीरात असणं वेगळं, तो बाधणं वेगळं. विष ठरतं ते मात्रेवर, हे पॅरासेल्सस हा युरोपीय वैद्य 16व्या शतकातच सांगून गेला. कार्बन मोनॉक्साइडच घ्या. जुन्या रक्तपेशी मोडताना आपलं शरीर स्वतःच तो किंचित तयार करतं, आणि काही बिघडत नाही. बंद खोलीत कोळसे धुमसत राहिले, तर तोच वायू जीव घेतो, कारण हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्त लालभडक दिसतं आणि पेशी गुदमरतात. ही झाली बाधा.

जाता जाता ‘विषप्रयोग’बद्दल. त्यात हेतू गृहीत आहे, कोणीतरी मुद्दाम दिलेलं विष. खराब अन्नाने माणसं आजारी पडली, तर बातमीत ‘विषबाधा’च हवं.