‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ का नको?

प्रश्न (सातारा, शासकीय कार्यालयातील एक लिपिक) : वरिष्ठांकडे पाठवायच्या टिपणीत मी ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रपोजल’ असे लिहिले होते. साहेबांनी त्यातल्या ‘अबाउट’वर लाल रेघ मारली. त्याच टिपणीत खाली ‘आफ्टर द डिस्कशन अबाउट द प्रपोजल’ असे होते, तिथले ‘अबाउट’ मात्र त्यांनी राहू दिले. हे कसे? आणि कोणत्या क्रियापदापुढे कोणते अव्यय घ्यायचे, याचा काही नियम आहे का?

उत्तर : आपल्या साहेबांनी दोन्ही ठिकाणी योग्य तेच केले आहे. ‘डिस्कस’ हे क्रियापद आहे आणि इंग्रजीत सकर्मक क्रियापद आपले कर्म थेट घेते, म्हणून ‘डिस्कस्ड द प्रपोजल’ एवढेच पुरते. ‘डिस्कशन’ हे नाम आहे. नामाला कर्म थेट घेता येत नाही, त्यामुळे ते आणि त्याचा विषय यांच्यामध्ये सांधा म्हणून ‘अबाउट’, ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ यांपैकी काहीतरी बसवावे लागते.

ही चूक आपल्याच हातून इतक्या सहज का होते, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. आपण ‘प्रस्तावावर चर्चा केली’ असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्यातला ‘चर्चा’ हा शब्द नाम असतो आणि क्रियापद असते ते नुसते ‘करणे’. नाम आले की त्याच्याबरोबर ‘वर’ किंवा ‘विषयी’ येणारच, आणि तेच पुढे इंग्रजीत ‘अबाउट’ होऊन उतरते. परंतु मराठीतही ‘हा प्रस्ताव सभेत चर्चिला गेला’ असे लिहिले, की ‘वर’ आणि ‘विषयी’ दोन्ही आपोआप गळून पडतात. इंग्रजी ‘डिस्कस’ हे आपल्या ‘चर्चिणे’च्या जातीचे आहे, ‘चर्चा करणे’च्या नव्हे. एकदा ही गोष्ट लक्षात आली की अशाच आणखी काही चुका एका झटक्यात उलगडतात. ‘रजेसाठी विनंती केली’ यावरून आपण ‘रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ लिहितो. त्याऐवजी मनात ‘रजा मागितली’ असे म्हणावे, म्हणजे ‘रिक्वेस्टेड लीव्ह’ हे बरोबर रूप हाती येते. ‘त्याच्याशी लग्न केले’ यावरून ‘मॅरीड विथ हिम’ येते. ‘त्याला वरले’ असे म्हणून पाहावे, म्हणजे ‘मॅरीड हिम’ हेच नैसर्गिक वाटू लागते. ‘भर देणे’ यासाठी मात्र मराठीत असे सुटे क्रियापद मला आढळत नाही, तेव्हा ‘एम्फसाइज’पुढे ‘ऑन’ लावायचे नाही आणि ‘एम्फसिस’पुढे लावायचे, हे पाठच करावे लागेल.

याच्या उलट प्रकारही घडतो, म्हणजे जिथे अव्यय हवे तिथे आपण ते गाळतो. ‘गाणे ऐकले’ या वाक्यात ‘गाणे’ला कोणताही प्रत्यय नसतो, म्हणून ‘लिसन म्युझिक’ असे तोंडातून निघून जाते. इंग्रजीला तिथे ‘टू’ हवाच. काही ठिकाणी तर अव्यय गाळल्याने अर्थच पालटतो. ‘द पोलीस सर्च्ड फॉर द थीफ’ म्हणजे पोलिसांनी चोराचा शोध घेतला, आणि ‘द पोलीस सर्च्ड द थीफ’ म्हणजे पोलिसांनी चोराची झडती घेतली. पहिल्या वाक्यात चोर अजून फरार आहे आणि दुसऱ्या वाक्यात तो पोलिसांसमोर उभा आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी हा फरक विसरून चालणार नाही.

आता नियमाविषयी. सर्व क्रियापदांना लागू पडेल असा एकच नियम इंग्रजीत नाही आणि, खरे म्हणजे, तो कोणत्याच भाषेत नसतो. आपण ‘त्याच्याशी भांडतो’, ‘त्याच्यावर रागावतो’, ‘त्याला हसतो’ आणि ‘त्याची वाट पाहतो’. हे चार वेगवेगळे प्रत्यय का, असे कुणी विचारले तर आपल्याला उत्तर देता येत नाही, कारण ती क्रियापदे आपण लहानपणी प्रत्ययांसकटच उचललेली असतात. भीतीचे उदाहरण घ्या. पाणिनीने अष्टाध्यायीत असे सांगितले आहे, की भीतीच्या अर्थाचे क्रियापद असेल तर ज्याची भीती वाटते ते अपादान होते, म्हणून संस्कृतात वाघाची पंचमी येते. जणू ती भीती वाघापासून निघते. मराठीत आपण ‘वाघाला भितो’. इंग्रज मनुष्य ‘फिअर’ वापरतो तेव्हा काहीही न लावता वाघाचे नाव घेतो, आणि ‘अफ्रेड’ वापरतो तेव्हा ‘ऑफ’ लावतो. वाघ तोच आणि भीतीही तीच असते, प्रत्येक भाषेचे वळण तेवढे निराळे असते.

‘डिपेंड’ या क्रियापदाकडे मी नेहमी थोडा वेळ थांबून पाहतो. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून तिथे त्याचा अर्थ खाली लटकणे असा होतो. गळ्यातले ‘पेंडंट’ त्याच कुळातले. आपला ‘अवलंबून’ हा शब्दही ‘अव’ आणि ‘लंब्’ यांपासून, म्हणजे खाली लोंबण्यापासूनच आला आहे. छताला टांगलेले झुंबर छताखाली असते, छतावर नसते, आणि तरीही मराठीत आपण ‘त्याच्यावर अवलंबून’ म्हणतो व इंग्रजीत ‘डिपेंड ऑन’ म्हणतात. दोन्ही भाषांत मूळ चित्र पुसले गेले आणि टेकण्याचे चित्र त्याच्या जागी आले. इथे आपला प्रत्यय आणि इंग्रजी अव्यय जुळतात, म्हणून चूक होत नाही. मात्र त्या भरवशावर ‘देवावर विश्वास ठेवतो’ यासाठी ‘बिलीव्ह ऑन गॉड’ लिहिले तर ते चुकते, कारण तिथे ‘इन’ लागते.

तेव्हा माझी सूचना अशी, की वहीत ‘डिपेंड’ असे एकटे कधीच लिहू नये. ‘डिपेंड ऑन’ असे जोडीनेच लिहावे आणि खाली स्वतःच्या कामातले एक वाक्य लिहावे. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटते आणि आपण ‘घराजवळ’ हा एक शब्द म्हणून लिहितो, म्हणून आपले लक्ष साहजिकच नामाकडे जाते. इंग्रजी अव्यय लिहिताना नामाच्या आधी सुटे दिसत असले, तरी ते कोणते असावे हे अशा वाक्यांत क्रियापदच ठरवते.

प्रश्न (नाशिक, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : नोकरीच्या अर्जाच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असे लिहावे की ‘टू हिअरिंग’?

उत्तर : ‘टू हिअरिंग’ असेच लिहावे. ‘आय वॉन्ट टू हिअर’ यातला ‘टू’ वेगळा आहे. तो क्रियापदाच्या मूळ रूपाचा भाग आहे. ‘लुक फॉरवर्ड’नंतरचा ‘टू’ हे अव्यय आहे आणि त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखे रूप यावे लागते. शंका आली तर तिथे एखादे साधे नाम ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे वाक्य बरोबर बसते, ‘आय वॉन्ट टू युअर रिप्लाय’ हे बसत नाही. ‘ऑब्जेक्ट टू’लाही हीच कसोटी लागू पडते.

प्रश्न (सोलापूर, शालेय क्रिकेट प्रशिक्षक) : ‘चेंडू माझ्याकडे फेक’ या अर्थाने मी ‘थ्रो द बॉल ॲट मी’ म्हणालो, तेव्हा बाहेरून आलेला एक खेळाडू गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. माझे काय चुकले?

उत्तर : आपण त्याला चेंडू आपल्या अंगावर मारायला सांगितलेत. ‘थ्रो टू’ म्हणजे झेलता यावा अशा बेताने कुणाकडे फेकणे, आणि ‘थ्रो ॲट’ म्हणजे नेम धरून कुणाला मारणे. ‘शाउट’चेही असेच आहे : ‘शाउटेड ॲट मी’ म्हणजे माझ्यावर ओरडला, ‘शाउटेड टू मी’ म्हणजे लांबून ऐकू यावे म्हणून मला ओरडून सांगितले. परंतु ‘ॲट’ आला की राग आलाच, असे समजू नये. ‘स्माइल्ड ॲट मी’ यात ‘ॲट’ आहे आणि राग अजिबात नाही. ते हसू कुणाकडे रोखलेले होते, एवढेच त्यातून कळते.

प्रश्न (पुणे, ज्येष्ठ वाचक) : ‘लुक ॲट’ आणि ‘लुक अप’ यांत ‘ॲट’ व ‘अप’ सारखेच दिसतात, तरी नातवाच्या पुस्तकात त्यांना वेगळे मानले आहे. फरक ओळखायचा कसा?

उत्तर : सर्वनामाची परीक्षा घ्यावी. शब्दकोशात शब्द पाहायचा असेल तर ‘लुक इट अप’ असेच म्हणावे लागते, सर्वनाम मध्येच येते. ‘लुक ॲट इट’मध्ये ते ‘ॲट’च्या मागोमागच येते, आधी आणता येत नाही. याचे कारण असे, की ‘ॲट’ पुढच्या नामाला जोडलेला आहे, तर ‘अप’ क्रियापदातच मिसळून गेला असून त्याने क्रियापदाचा अर्थ बदलला आहे. आपण संस्कृत शिकला असाल तर हे ओळखीचे वाटेल. ‘हृ’ हा एकच धातू, पण उपसर्ग बदलला की त्याचाच आहार होतो, प्रहार होतो, विहार होतो आणि संहारही होतो. संस्कृतात जे काम धातूच्या आधी येऊन उपसर्ग करतो, ते इंग्रजीत हा छोटा शब्द क्रियापदाच्या मागून येऊन करतो. नातवाला ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’ आणि ‘गिव्ह अवे’ हे एकाखाली एक लिहून द्या, शेजारी आहार, प्रहार, संहार लिहा, आणि दोन्ही रांगा त्याला मोठ्याने वाचायला सांगा.