विकासकामं वाढवली की नक्षली हिंसाचार कमी होतो का, की बंदोबस्तच लागतो?

दोन्ही लागतं. पण पोलीस पोचण्याआधी पैसा पोचला, तर काही काळ हिंसाचार उलट वाढतो.

माझा चुलतभाऊ हिंगोलीच्या राज्य राखीव दलात आहे. गडचिरोलीच्या बंदोबस्तावरून आला की सांगायचा, "दादा, कच्च्या रस्त्यात सुरुंग पुरणं सोपं. डांबर पडलं की अवघड. म्हणून ते आधी रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळतात." २०१९ला कुरखेडा तालुक्यात तेच झालं. रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं पेटवली आणि दुसऱ्या दिवशी, १ मेला, तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने उडवली. १५ जवान आणि गाडीचा चालक गेला.

मजुरीचंही असंच. २००६ला राष्ट्रीय रोजगार हमी योजना (रोहयो) आधी २०० जिल्ह्यांत आली. त्यात गडचिरोली होता, आपले नांदेड-हिंगोलीही होते. अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासात योजना आल्यावर नक्षली भागात सुरुवातीला हिंसाचार वाढलेला दिसला. त्यांचा अंदाज असा, की सरकारकडून काही मिळू लागल्यावर लोक पोलिसांना खबर देऊ लागतात, आणि मग चकमकी वाढतात, 'खबऱ्या' ठरवून गावकरीही मारले जातात. दुसऱ्या अभ्यासात मात्र पाऊस बुडाला की हिंसाचार वाढायचा, ती साखळी रोहयोनंतर सैल झाल्याचं दिसलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

नुसत्या गरिबीने बंड होतं हे मात्र मला पटत नाही. तसं असतं तर बीडमध्ये कधीच बंदुका निघाल्या असत्या. इथला माणूस ऊसतोडीला निघतो. लपायला जंगल नाही, आणि तहसील, ठाणं हाकेवर.

आता तेलंगणातलं शेतकऱ्यांचं जुनं बंड बघा. तो भाग आणि मराठवाडा तेव्हा एकाच निजामी राज्यात. सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शननंतरही, म्हणजे भारतीय फौजेने निजामाचं राज्य घेतल्यावरही, कम्युनिस्टांच्या दलमांनी (सशस्त्र तुकड्यांनी) बंदुका खाली ठेवल्या नाहीत. लढा मागे घेतला तो ऑक्टोबर १९५१मध्ये. मधल्या काळात फौज होतीच, पण १९४९ला जहागिऱ्या गेल्या आणि १९५०ला कूळ कायदा आला. आमच्या आजोबांचं नाव जमिनीला लागलं ते त्याच कायद्याने. फौजेने बंड दाबलं हे खरंच, पण कसणाऱ्याला जमिनीची आशा दिसली नसती तर ते किती दिवस दबून राहिलं असतं, याची मला शंका आहे.