उत्तर : रटची रजा चंद्र बघून टाकू नका

प्रश्न असा आहे : "विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला राहतो. यंदा पहिल्यांदाच धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणार आहे. नोव्हेंबरात रटसाठी, म्हणजे हरणांच्या माजाच्या हंगामासाठी, एकच आठवडा रजा मिळेल, कोणता घेऊ? नर माजावर आल्याच्या खुणा कोणत्या? आणि मून चार्टवर कितपत भरवसा ठेवावा?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. मून चार्टवर अजिबात भरवसा ठेवू नका. तुम्हाला तो कोणी पाठवला असेल तर विचारून घ्या, तो माझा साडू तर नव्हे.

साडू शिकागोच्या उपनगरात राहतो आणि दरवर्षी विस्कॉन्सिनचं बाहेरच्या राज्यातल्यांसाठीचं लायसन्स काढून आमच्याकडे येतो. डॉजव्हिलच्या बाजूला एका म्हाताऱ्या डेअरीवाल्याच्या टेकड्या आहेत, तिथे आम्हा दोघांना बसायची परवानगी आहे. साडू माणूस वाईट नाही, नेम तर माझ्याहून चांगला. पण ऑगस्ट उजाडला की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपतीच्या मखराच्या फोटोंमध्येच त्याचा चंद्राचा तक्ता येऊन पडतो. सिद्धांत असा, की शरद संपातानंतरची, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखी होते त्या दिवसानंतरची, दुसरी पौर्णिमा म्हणजे 'रटिंग मून'. ती लवकर आली तर रट लवकर, उशिरा आली तर उशिरा.

आता आकडे बघा. २०२३ मध्ये ही पौर्णिमा २८ ऑक्टोबरला होती, म्हणजे आपली कोजागिरी. २०२४ मध्ये ती गेली १५ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेवर. अठरा दिवसांचा फरक. साडूच्या हिशेबाने त्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या तमाम माद्या अठरा दिवस थांबून राहिल्या असणार.

हरणाला चंद्राशी देणंघेणं नाही, दिवस किती लहान झाला याच्याशी आहे. रात्र मोठी होत गेली की मेलाटोनिन वाढतं आणि त्याच्यामागून नरामध्ये टेस्टोस्टेरॉन चढायला लागतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल गळते तीही याच घड्याळावर. १० नोव्हेंबरचा दिवस दरवर्षी तेवढ्याच लांबीचा असतो, त्यात अधिक महिना येत नाही. दिवाळी चंद्रावर ठरते म्हणून ती मागेपुढे सरकते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं, नेमकं रटच्या मध्यावर, आणि तेही रविवारी. त्या संध्याकाळी मी मचाणावर नव्हतो, घरी पूजेला होतो, हे बायको वाचत असेल तर तिच्या माहितीसाठी.

आणि हे घड्याळ इतकं पक्कं असण्याला कारण आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची मादी सुमारे २०० दिवस गाभण राहते. पाडस जन्माला यावं ते मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला, गवत कोवळं असताना. पंधरा-वीस दिवस उशीर झाला तर बर्फ पडायच्या आत अंगावर मांस चढत नाही. ज्या माद्या चंद्र बघून मीलन करत होत्या त्यांची पोरं या थंडीत कधीच संपली असतील.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी ४ तारखेपासून रजा टाकली. साडूने तक्ता बघून १५ नंतरची. "अजून वेळ आहे, उगाच रजा वाया घालवतोयस" हा मेसेज त्याने मला एकट्याला नाही, ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी त्यावर अंगठा दाखवला. सासरे आयुष्यभर पुण्यात राहिलेत, हरीण त्यांनी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पाहिलंय.

गरमीही तशीच होती, हे मान्य. नोव्हेंबरात टी-शर्टवर मचाणावर बसलोय, गोचिडी अजून जिवंत, असा प्रकार. पहिले दोन दिवस उजेडात काहीही हललं नाही. रानात झाडाला बांधलेल्या ट्रेल कॅमेऱ्यावर मात्र रात्री दोन वाजता, तीन वाजता नर नाक जमिनीला लावून फिरताना दिसत होते. गरमीत रट 'येत नाही' म्हणणाऱ्या सगळ्यांना मी हेच दाखवतो. हरणाच्या अंगावर तोवर हिवाळी केस आलेले असतात. पंधरा-वीस सेल्सिअसला तो गडी दुपारी कशाला धावेल? रट चालूच असतो, रात्रपाळीत. थंडीची लाट आली की तोच कार्यक्रम उजेडात होतो आणि लोक म्हणतात रट आला.

तिसऱ्या दिवशी वारा वायव्येकडून फिरला आणि जरा गारवा आला. मी दोन टेकड्यांमधल्या खिंडीत होतो. सकाळची वेळ टळून गेली होती, दुपारचे साडेअकरा वगैरे, म्हणजे सगळे शहाणे शिकारी सँडविच खायला उतरतात ती वेळ. आधी एक पाडस आलं, एकटंच, गोंधळलेलं, दहा पावलं पुढे जायचं आणि मागे बघायचं. मग मादी, शेपूट एका बाजूला, थांबत नाही आणि धड पळतही नाही. तिच्यामागे डुकरासारखा घुरघुरत तो. मान फुगून खांद्याएवढी झालेली, मागच्या गुडघ्यांच्या आतल्या बाजूचे केस काळे ओले. वीस यार्डांवर मी तोंडाने 'मॅऽ' असा आवाज काढला, तो अर्धा सेकंद थांबला, आणि तेवढा पुरला. ऐंशी पावलांवर पडला.

फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. बायकोने टाकला. साडूचं उत्तर : "अपवाद."

पौर्णिमेनंतर तो आला, आठवडाभर बसला, त्याला दोन माद्या आणि एक टर्की दिसली. गरमीमुळे रट फुकट गेला म्हणाला आणि परत गेला.

मी काही बोललो नाही, कारण या वादाचा निकाल जूनमध्ये लागतो. म्हातारा डेअरीवाला लसूणघासाची पहिली कापणी मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात करतो, आणि मशीन घालायच्या आधी शेत चालून बघतो. नवं पाडस धोका वाटला तर पळत नाही, जमिनीला चिकटून राहतं, आणि मशीनवाल्याला ते दिसत नाही. त्या चालण्याला मी जातो. जून २०२४ मध्ये पाडसं सापडली आणि जून २०२५ मध्येही, त्याच आठवड्यात, तेवढ्याच वयाची, पाय अजून लटपटणारी. १ जूनपासून २०० दिवस मागे मोजा, १३ नोव्हेंबर येतो. म्हाताऱ्याला मी अठरा दिवसांचा सिद्धांत समजावून सांगितला. "मी कापणी पन्नास वर्षं त्याच सुमाराला करतोय" एवढंच तो म्हणाला.

साडूचं म्हणणं, एका शेतावरून काय ठरतं. बरोबर आहे, ठरत नाही. पण पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत वन्यजीव खात्याने गाड्यांखाली मेलेल्या गाभण माद्यांचे गर्भ वर्षानुवर्षं मोजले आहेत. गर्भाच्या लांबीवरून गर्भधारणेची तारीख मागे काढता येते. ती दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यावरच गर्दी करते, पौर्णिमा कुठेही असो. नरांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून केलेल्या अभ्यासांतही चंद्राने रट पुढेमागे ढकलल्याचं दिसलेलं नाही. हे मी साडूला पाठवलं. त्याने निळी टिक दिली.

बरं, तुमच्या खुणा. झाडांवर शिंगं घासून साल काढलेली दिसते, त्या रबवर फार नाचू नका. त्या सप्टेंबरपासून होतात. इथे नर आहे एवढंच त्यावरून कळतं, कधी येईल ते नाही. स्क्रेप, म्हणजे लोंबत्या फांदीखाली पाय घासून उघडी केलेली माती, ऑक्टोबरच्या शेवटी जोरात असते. वरची फांदी चाटलेली, मोडलेली असेल तर स्क्रेप जिवंत. पण तिथे बहुतेक ये-जा रात्रीची, त्यामुळे स्क्रेपवर मचाण बांधून बसणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा. उलट चालू स्क्रेपमध्ये पालापाचोळा साचायला लागला की मला आनंद होतो. मालक आता माती उकरायच्या फंदात नाही, माद्यांमागे निघालाय.

आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे एकटी पाडसं. ऑक्टोबरभर आईला चिकटून असलेलं पाडस नोव्हेंबरच्या सुरुवातीला रस्त्याकडेला एकटं भटकताना दिसलं की समजा त्याच्या आईमागे कोणीतरी लागलंय. ऑफिसला जाताना दोन दिवस लागोपाठ असं दिसलं तर त्याच दुपारी मॅनेजरला मेल करा.

आता रजा. ३ ते ११ नोव्हेंबरच्या मधला आठवडा घ्या. तुम्ही म्हणाल, गर्भधारणा तर १३ च्या आसपास सगळ्यात जास्त, मग आधी का? कारण ऐन गर्दीत जंगल ओस पडतं. मादी माजावर असते जेमतेम २४ ते ४८ तास, आणि तेवढा वेळ नर तिला घेऊन कुठल्यातरी झुडपात पडून राहतो. दोघंही हलत नाहीत. त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस नर शोधात असतात, दिवसाढवळ्या, अनोळखी रानात. तेव्हा बसायचं. माद्यांच्या बसायच्या जागेपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा, नर तिथूनच वास घेत जातो. आणि दुपारी उतरू नका, डबा वर घेऊन जा.

उशिरा आलेल्यांनाही थोडं उरतं. जी मादी पहिल्या फेरीत गाभण राहिली नाही ती साधारण महिन्याने परत माजावर येते, आणि चांगल्या चाऱ्यावरच्या काही पहिल्याच वर्षीच्या माद्या डिसेंबरात येतात. साडूने १५ नंतर येण्यापेक्षा डिसेंबरात यावं. पण डिसेंबरात त्याची क्रूझ असते.

हे सगळं विस्कॉन्सिन आणि आसपासच्या उत्तरेच्या राज्यांपुरतं धरा. अलाबामाच्या बऱ्याच भागांत रट जानेवारीत असतो, फ्लोरिडात तर भागाभागाप्रमाणे जुलैपासून पुढच्या मार्चपर्यंत काहीही. तिथे हिवाळा मारत नाही, त्यामुळे तारीख पाळायची सक्ती नाही. आपल्या चितळांचंही असंच, ताडोबात कुठल्याही महिन्यात गेलात तरी एखादा नर मखमलीत दिसतोच. (आणि कृपा करून हे वाचून गावाकडे कोणी बंदूक काढू नका. भारतात १९७२ चा कायदा आहे, तुरुंगात जाल.)

बंदुकीचा हंगाम आपल्या विस्कॉन्सिनात थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवस. त्या दिवसांत धनुष्यबाणवाल्यांनाही भडक केशरी किंवा गुलाबी घालावं लागतं. मिशिगनमध्ये तो दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो, मिनेसोटात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, ऐन धावपळीत. मिनेसोटावाल्यांचा मला हेवा वाटतो.

मॅडिसनहून पश्चिमेला जाणार असाल तर एक गोष्ट वगळू नका. या राज्यात सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदूचा रोग पहिल्यांदा २००२ मध्ये माउंट होरेबजवळ सापडला, आणि डेन व आयोवा काउंटीत तो आता भरपूर आहे. रोगट हरीण बाहेरून धडधाकट दिसू शकतं. तपासणी वन्यजीव खातं फुकट करतं, डोकं नेऊन द्यायचं आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवायचं. निकाल पॉझिटिव्ह आला तर खायचं नाही, मसाला कितीही चांगला असो. माजावरच्या नराच्या मागच्या पायावरच्या त्या काळ्या ग्रंथीला हात लावलात तर त्याच हाताने, त्याच सुरीने मांसाला शिवू नका, नाहीतर अख्ख्या रश्शाला मुताचा वास येतो. पाठीची पट्टी कुकरला लावू नका, तव्यावर दोन मिनिटं पुरतात. मांडी मात्र पाच शिट्ट्या घेते.