नव्या देहात जन्मणारे अमर: डोळा कुणाचा आणि खुंट कुणाचा?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही विज्ञानकथा लिहिताय. तिच्यात शास्त्रज्ञांनी मुद्दाम घडवलेली एक अमर जमात आहे. देह थकला की ती माणसं नव्या देहात पुन्हा जन्म घेतात. हे वाचकाला पटेल असं कसं लिहायचं, आणि अशा माणसांना मरणाची भीती उरेल का?

मी जालना जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माहेर अंबड तालुक्यातलं, मोसंबीवाल्यांचं. म्हणून मी प्रयोगशाळेच्या आधी तुम्हाला बागेत नेते. तुम्ही जी जमात मनात घडवताय, तिचे चुलतभाऊ आमच्या रानात उभे आहेत.

2012 साली पावसानं दगा दिला. 2013 च्या जानेवारीत आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. त्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या, पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी तोडून सरपणाला घातली. आबांनी 1986 मध्ये लावलेल्या बागेतली विहिरीजवळची एक ओळ तेवढी हिरवी राहिली होती. आबांनी त्यातल्या सगळ्यात गुणी झाडाच्या डोळकाड्या काढल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि गोदाकाठी मावशीच्या गावी नेल्या. तिथं पिशव्यांमध्ये रंगपूर लिंबाचे खुंट तयार होते, पेन्सिलीएवढ्या जाडीचे. त्यांवर 60 डोळे भरले. 41 लागले. मार्चमध्ये मूळ झाड वाळून कोळ झालं. मी त्याच्याकडे बघत रडत होते, तर आबा म्हणाले, "झाड गेलं म्हनू नको माय. डोळा जित्ता हाय."

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला न फुटलेला कोंब. खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर तो बसवायचा ते रोप. खुंटाची साल चाकूनं चिरून तिच्या आत तो सरकवायचा, प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचा. दोघांचा सालीखालचा ओला थर एकमेकांना चिकटला की डोळा फुगतो. मग वरचा खुंट छाटून टाकायचा. मुळं परक्याची, वरचं सगळं झाड त्या जुन्या डोळ्याचं. आबांच्या झाडाचा डोळाही आधीच्या कुठल्या तरी बागेतून आलेला, तिथला आणखी मागच्या बागेतून. ही साखळी फार जुनी आहे. जगातली सगळी 'स्वीट ऑरेंज' आणि त्यांच्यातलीच आपली मोसंबी मुळात पपनस आणि मँडरिन (आपल्या नागपुरी संत्र्याचं कूळ) यांच्या एका प्राचीन संकराची लेकरं आहेत, माणसानं कलमाकलमानं पुढे आणलेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात 1873 सालचं नेव्हल संत्र्याचं एक झाड अजून उभं आहे. 1918 मध्ये त्याची मुळं बुरशीनं सडायला लागली, तेव्हा भोवती नवी रोपं लावून ती त्याच्या खोडाला जोडली. झाड तेच, पाय नवे.

तेव्हा पहिलं काम हे करा: तुमच्या जमातीत "डोळा" काय आहे ते ठरवा. एका देहातून दुसऱ्या देहात नेमकं काय जातं? जनुकं? आठवणी? स्वभाव? हे धूसर ठेवलंत तर सगळी कथा धूसर होईल.

एक डोळा 41 खुंटांवर लागतो, हेही विसरू नका. भूमध्य समुद्रातली ट्युरिटॉप्सिस डोहर्नी ही जेलीफिश संकटात सापडली की स्वतःच्या बालरूपात परत जाते, म्हणून तिला अमर म्हणतात. पण त्या बालरूपाला मग एक नाही, अनेक जेलीफिश फुटतात. आमच्या 41 झाडांपैकी आबांचं झाड कोणतं, असं कुणी विचारलं तर बोट कुठं दाखवणार? झाडाला याचं काही वाटत नाही. माणसाला वाटेल. तुमच्या जमातीत एकाचा एकच होतो, असा नियम असेल तर तो कुणी घातला आणि मोडला तर काय होतं, हे कथेत यायला हवं. न लागलेल्या 19 डोळ्यांचंही तसंच. 1996 मध्ये डॉली मेंढी जन्मली तेव्हा 277 अंडपेशींवर केलेल्या प्रयोगातून तेवढं एकच कोकरू हाती आलं होतं. अमरांच्या गावात या न लागलेल्यांची जागा कुठं असते?

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. कलम पिढ्यानपिढ्या चालतं, पण निरोगी राहत नाही. डोळ्याबरोबर विषाणूही पुढच्या झाडात जातात. लिंबूवर्गातला ट्रिस्टेझा हा रोग असाच कलमातून जातो, माव्यामार्फतही पसरतो. दक्षिण अमेरिकेत त्यानं लाखो झाडं मारली. यावर उपाय आहे, आणि तो फार विलक्षण आहे. मोसंबीच्या एका बीमध्ये बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात. त्यातला एक आईबापांच्या मीलनातून झालेला, बाकीचे थेट आईच्या उतीतून आलेले. त्या उतीचं नाव न्युसेलस, म्हणून अशा रोपांपासून सुरू झालेल्या वाणाला आमच्याकडे न्युसेलर मोसंबी म्हणतात. ही रोपं जनुकांनी हुबेहूब आई असतात आणि आईचे बहुतेक विषाणू त्यांच्यात येत नाहीत. म्हणजे झाड धुऊन स्वच्छ होऊन पुन्हा जन्मलं.

पण ते लेकरू होऊन जन्मतं. अंगभर काटे असतात, सरळसोट उंच वाढतं, फळावर यायला कलमापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लावतं. जुन्या झाडाचा डोळा मात्र वयात आलेला असतो. नव्या खुंटावर बसवला तरी तो पोरकटपणा करत नाही, चार-पाच वर्षांत फळ देतो. "आपण मोठे झालोय" ही खूण त्याच्यात टिकलेली असते, आणि आजारही टिकलेला असतो. बीमधून जन्मलेल्याचा आजार जातो, मोठेपणही जातं.

हाच पेच प्राण्यांच्या पेशीतही दिसला. 2006 मध्ये जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून ती गर्भातल्या पेशीसारखी कोवळी करून दाखवली. 2012 चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. पेशीचं वय पुसलं गेलं, पण आपण त्वचेची पेशी आहोत हेही ती विसरली. जिवंत प्राण्याच्या अंगात हे पुसणं हाताबाहेर गेलं तर गाठी होतात. म्हणून तुमची जमात घडवणाऱ्यांना दोन्ही फुकट देऊ नका. ज्यांना आठवण हवी त्यांनी मागच्या देहांचा आजार वाहावा. ज्यांना निरोगी देह हवा त्यांनी काट्यांसकट लेकरू व्हावं. एकाच घरात नवऱ्यानं एक वाट धरली आणि बायकोनं दुसरी, तर काय होईल? मला ती कथा वाचायची आहे.

आठवण नेणार कशी, हा पुढचा प्रश्न. मेंदूची नक्कल काढली आणि नव्या डोक्यात भरली, एवढ्यावर भागवू नका. मिलिमीटरभर लांबीच्या एका गोलकृमीच्या 302 चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्येच प्रसिद्ध झाला. तरी तो कृमी अजून संगणकात जसाच्या तसा चालवता आलेला नाही. कोणती पेशी कुणाला जोडलेली हे कळतं, ती जोडणी किती बळकट आणि कोणत्या रसायनात न्हालेली हे नकाशात उतरत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत.

त्यापेक्षा सुरवंटाकडे बघा. 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तंबाखूवरच्या सुरवंटांना एक विशिष्ट वास देऊन त्याच वेळी विजेचा झटका देत. ते वास टाळायला शिकले. मग कोषात गेले, अंगाची मोडतोड होऊन नवं अंग झालं, पतंग बाहेर आले आणि त्यांनीही तो वास टाळला. मात्र हे कोषात जाण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात शिकलेल्यांनाच जमलं. त्याहून लहानपणी शिकलेले पतंग झाल्यावर विसरून गेले होते.

हे वाचल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली आहे, ती तुम्हाला देऊन टाकते. तुमच्या अमरांना प्रत्येक जन्मातले फक्त शेवटचे दिवस आठवत असतील तर? आईचा हात नाही, शाळा नाही, पहिला पाऊस नाही. गुडघ्यांचं दुखणं, उशाशी बसलेली माणसं, त्यांचे दबक्या आवाजातले बोल. सात जन्म झालेल्या माणसाजवळ सात म्हातारपणं. अशा माणसाला मरणाची भीती उरेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथं देईन: आपल्यापेक्षा जास्त उरेल. आपल्याला मरण माहीत नसतं. त्याला तेवढंच माहीत असेल.

आपल्याकडे पुनर्जन्म म्हणजे जुनं वस्त्र टाकून नवं नेसणं, ही गीतेतली उपमा कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली असते. तिथं आत्मा काही विसरण्या-आठवण्याच्या पलीकडचा आहे, त्यामुळे ती तुमच्या जमातीला लागू पडणार नाही. चांगदेव लागू पडतील. काळाला चुकवून चौदाशे वर्षं जगलेला योगी, अशी त्यांची आख्यायिका. त्यांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं, पण वयानं लहान आणि ज्ञानानं मोठ्या माणसाला मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही कोराच राहिला. आमच्या अंबडपासून आपेगाव फार लांब नाही, ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं मूळ गाव, आणि ही गोष्ट आमच्या आजीच्या तोंडी कायम असायची. लहानपणी मला त्यात चांगदेवांचा पराभव दिसायचा. आता वाटतं, एवढं आयुष्य हातात असलेल्या माणसाला आपल्याला काही सुचत नाही हे कळावं आणि त्यानं ते लपवू नये, याला धैर्य लागतं. तुमच्या जमातीत असा एक तरी म्हातारा ठेवा.

शेवटी खुंटाबद्दल. बहुतेक लेखक नवा देह म्हणजे रिकामं भांडं समजतात. कलम करणारा कुणीही सांगेल, खुंट रिकामा नसतो. जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरलेल्या मोसंबीचा रस फिका होतो, दुसऱ्या खुंटावर तोच डोळा गोड फळ देतो. खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाला कोण टिकणार, चुनखडीच्या जमिनीत कोण पिवळं पडणार, हे बरंचसं खुंट ठरवतो. आणि त्याचं स्वतःचं जगणं संपलेलं नसतं. जोडाच्या खालून त्याला फुटवे येत राहतात. ते वेळेवर काढले नाहीत तर वरच्या मोसंबीला मागे टाकून लिंबाचं झाड उभं राहतं. म्हणून आबा दर महिन्याला खाली वाकून ते फुटवे मोडायचे. तुमचे अमर ज्या देहात शिरतात तो देह कुणाचा होता? त्याचे फुटवे कोण मोडतं, आणि मोडणाऱ्याला रात्री झोप लागते का?

2018 मध्ये आम्ही त्या 41 झाडांवर पहिल्यांदा आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुलणारा बहार, धरला. फळं काढणीला आली तेव्हा आबा होते. एक फळ सोलून खाल्लं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "साल जाड हाय जरा. पन तीच हाय." पुढच्या वर्षी ते गेले. नंतर दोन वर्षं बागेकडे कुणाचं नीट लक्ष नव्हतं. विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या झाडाला खालून एक फुटवा आला आणि तो चांगला मनगटाएवढा झाल्यावर दिसला. भाऊ कुऱ्हाड घेऊन गेला, पण आईनं तोडू दिला नाही. आता त्या एका बुंध्यावर वर मोसंबी येते आणि खाली नारिंगी रंगाची, दात आंबतील अशी रंगपूर लिंबं येतात. आई त्यांचं लोणचं घालते. तुमची कथा मला लिहायची असती तर मी त्या झाडापासून सुरुवात केली असती, आणि बोलायला खालच्या फांदीला लावलं असतं.